पुरळाचं कोर्ट

पेशकारसाहेबांकडे अंगावर पुरळ घेऊन आलेला माणूस बरा झाला नाही, असं एक सोडून दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही. ही गोष्ट औरंगाबादेत अनेकांना ठाऊक होती आणि ती खरी होती. ती का खरी होती, एवढंच फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. विषारी झाडापाल्यानं उठलेलं पुरळ, त्या झाडाला पुन्हा हात लागला नाही तर, दोन-तीन आठवड्यांत आपोआप बसतं. पेशकारसाहेब निकाल द्यायला दोन-तीन आठवडे घ्यायचे.

निकाल हा शब्द त्यांचाच. ते औषधोपचार करत नसत, खटला चालवत.

पेशकार म्हणजे न्यायाधीशाच्या शेजारी बसून फाइली पुढं करणारा आणि पक्षकारांना तारखा देणारा कारकून. निजामाच्या अमलात हे काम उर्दूत चाले आणि साहेबांचं उर्दू अक्षर नावाजलेलं होतं. पोलीस ॲक्शन झालं, राज्य बदललं, पुढं काही वर्षांत कोर्टाची भाषाही बदलली. ज्यांना पक्षकार वाकून सलाम करायचे ते साहेब रेकॉर्डच्या खोलीत जुनी दप्तरं झटकत बसले आणि तिथूनच निवृत्त झाले. न्यायाधीश मात्र त्यांनी नोकरीभर एका हाताच्या अंतरावरून पाहिले होते. त्यांच्या मते न्याय देणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते तारीख देणं, आणि ते काम तर ते स्वतःच करत आले होते.

मी त्या काळात शहरातल्या एका दैनिकात बातमीदार होतो आणि खोकडपुऱ्यात त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. कोर्ट खाली ओट्यावर भरे. साहेब एका लाकडी खुर्चीत बसत, पक्षकार पायरीवर. खिडकी उघडी ठेवली की सगळं कामकाज ऐकू येई. साहेब मला नावानं हाक मारत नसत. ‘अखबारवाले’ म्हणत. बायको त्यांना ‘अहो’ म्हणे, आणि ते कोर्टात असले की ‘अहो कोर्ट’. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात वाद घालायला तिसरं माणूस नसल्यामुळे काकूंनी ते काम स्वतःकडे घेतलं होतं.

सुरुवात गाजरगवतानं झाली. हे गवत तेव्हा आमच्याकडं नवीन होतं. रस्त्याच्या कडेला, रिकाम्या प्लॉटवर, नाल्याच्या काठानं ते बारीक पांढऱ्या फुलांनी भरून येई, आणि सकाळी फिरायला जाणाऱ्या भल्या माणसांच्या पापण्या, माना आणि हात लाल होऊन खाजू लागत. डॉक्टर गोळी देत. गोळीनं झोप येई आणि झोपेत माणूस खाजवत राही. साहेबांनाही पुरळ उठलं. त्यांनी गोळी घेतली नाही. त्यांनी स्वतःचा जबाब घेतला, फिरण्याच्या वाटेवरची झाडं एकेक करून तपासली, रुईला आणि घाणेरीला निर्दोष सोडलं आणि गाजरगवताला दोषी ठरवलं. तोवर पुरळ बसलं होतं. शेजाऱ्यांनी हे पाहिलं आणि ज्यांना खाज होती ते ओट्यावर येऊ लागले.

कोर्टाचा कायदा एकच होता. माणूस कधीही आरोपी नसतो, आरोपी झाड असतं. नवा माणूस पायरीवर बसला की पहिला प्रश्न ठरलेला असे.

“मुलजिम कुठं आहे?”

“कोण, साहेब?”

“ज्यानं हे केलं तो. पेपरात गुंडाळून आणा. उघडा हात लावायचा नाही. आणि एक नको, तीन वेगवेगळी झाडं आणा. शिनाख्त झाली पाहिजे.”

मग तीन झाडं फरशीवर ओळीनं मांडली जात आणि पुरळवाल्यानं काठीनं आपलं झाड दाखवायचं. त्यानं दाखवलेल्यावर साहेबांचा विश्वास नसे. “तोंड झूठ बोलतं, चमडी नाही,” असं म्हणून ते सदरा उतरवायला लावत आणि भिंग घेऊन चामडीचा जबाब घेत. पुरळ रेघेत असेल तर फांदी घासली. ठिपक्यांत असेल तर चीक उडाला. उघड्या अंगावर असेल आणि कपड्याखाली नसेल, तर वाऱ्यानं उडालेली भुकटी. हे सगळं बऱ्यापैकी बरोबर असे. नंतर एका त्वचारोगाच्या डॉक्टरांना मी ते सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “पद्धत ठीक आहे. फक्त आम्ही पहिल्याच दिवशी सोडतो.”

साहेब सोडत नसत. ते तारीख देत. तारखेपर्यंत पुरळवाल्याला जामीन मिळे आणि जामिनाच्या अटी कडक असत. त्या झाडाजवळ जायचं नाही. त्या दिवशीचे कपडे धुतल्याशिवाय घालायचे नाहीत. थंड पाण्यानं अंग धुवायचं. खाजवायचं तर मुळीच नाही, कारण खाजवणं म्हणजे पुरावा नष्ट करणं. फारच आग होत असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं गुलाबी पातळ कॅलामाइन लावायला ते परवानगी देत. त्याला त्यांचा शब्द होता ‘हुकूम-ए-इम्तिनाई’, म्हणजे स्थगिती. “ह्यानं निकाल लागत नाही,” ते बजावत, “खाजेला फक्त पुढच्या तारखेपर्यंत थांबायला सांगितलंय.”

कागदावर ते एक अक्षर लिहीत नसत. कारण विचारलं तर म्हणत, “लिहिलं की अपील होतं.”

एकदा एक तरुण वकील आला. मित्रांबरोबर म्हैसमाळच्या डोंगरात सहलीला गेला होता, तिथं आडोशाला जावं लागलं आणि पाणी जवळ नसल्यामुळे त्यानं हाताला लागलेल्या पानांवर भागवलं. पानं बिब्ब्याची होती. वकील पायरीवर उभाच राहिला, त्याला बसता येत नव्हतं. तरीही त्यानं हरकत घेतली. घटना खुलताबाद तालुक्यात घडली, हे कोर्ट शहरातलं, तेव्हा हद्दीचा प्रश्न येतो.

“वकीलसाहेब,” पेशकारसाहेब शांतपणे म्हणाले, “घटनास्थळ तुम्ही बरोबर घेऊन आलेले आहात.”

पुढचं कामकाज बंद खोलीत झालं. खोली म्हणजे स्वयंपाकघर. काकूंना परातीसकट बाहेर काढण्यात आलं. बाहेर बसून त्या कणीक मळत होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, “आत हायकोर्ट चाललंय. वकिलाची पँट उतरलीय, निकाल लागतच असंल.” बिब्ब्याबद्दल साहेबांना आदर होता. गाजरगवत परदेशी, कागदपत्राशिवाय शिरलेलं. कुंपणाला लावतात तो चिकाचा शेर तडीपार करण्याच्या लायकीचा. बिब्बा मात्र खानदानी गुन्हेगार. माणसं त्याला दारावर लिंबू-मिरचीत ओवतात, पाळण्याला बांधतात, त्याचीच गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात घालतात, आणि तो कुणाचाही मुलाहिजा ठेवत नाही.

दुसरा खटला एका इंजिनिअरचा. गाजरगवत निर्मूलनाच्या मोहिमेचं उद्‌घाटन करायला एक उपमंत्री आले होते. गळ्यात हार घालून त्यांनी हर्सूलच्या रस्त्यावर एक रोप उपटलं, तो फोटो आमच्या दैनिकात पहिल्या पानावर आला. चार दिवसांनी खात्याचे इंजिनिअर दोन्ही तळव्यांना फोड घेऊन ओट्यावर हजर झाले. साहेबांनी मला वरून हाक मारली. “अखबारवाले, फोटो घेऊन या. मौक्याचा पुरावा आहे.”

भिंगाखाली फोटो पाहिला तेव्हा दिसलं की रोप इंजिनिअरच्या मुठीत होतं. उपमंत्र्यांची बोटं इंजिनिअरच्या मनगटावर होती, तीही बाहीवर.

“गवत कुणी उपटलं?” साहेबांनी विचारलं.

“उपमंत्र्यांनी,” इंजिनिअर म्हणाले.

“मग हे फोड त्यांच्या वतीनं आलेत का?”

इंजिनिअरांनी तळवे मिटून घेतले. नोकरीत असलेल्या माणसानं जेवढं बोलायचं तेवढं ते बोलून झाले होते. त्यांना तारीख मिळाली.

फिरायला निघाले की साहेब रस्त्याच्या मधोमध चालत, कारण दोन्ही कडा आरोपींनी व्यापलेल्या होत्या. मागून सायकल, टांगा, लष्कराचा ट्रक, काहीही आलं तरी ते बाजूला होत नसत. ट्रकवाला शिव्या द्यायचा. साहेब काठी वर करून कडेचं गवत दाखवायचे आणि म्हणायचे, “इधर दफा लगती है, मियाँ!” ट्रकवाल्याला ते कळत नसे. पण आवाजात जुन्या अदालतीचा काहीतरी अंश असावा, कारण ट्रक वळसा घालून जाई.

एक सवय मात्र त्यांना सुटली नव्हती. मोठा माणूस समोर आला की ते उठून उभे राहत. मोठा म्हणजे पांढरे कपडे आणि जीप. न्यायाधीश आत आले की सगळ्यांच्या आधी उभं राहायचं, हे त्यांच्या गुडघ्यांना इतकं ठाऊक होतं की डोक्याला विचारायची वेळ येत नसे. ज्या प्रकरणामुळे हे सगळं लिहितो आहे, ते ह्या गुडघ्यांपासून सुरू झालं.

पिशोरच्या अलीकडं एक गाव आहे. तिथले एक बडे शेतकरी जिल्ह्याच्या राजकारणात उतरू पाहत होते. त्यांना सगळे अण्णासाहेब म्हणत. ते एके दिवशी जीपमधून आले. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरा पायजमा, टोपी. मानेला पुरळ. बरोबर पेपरात गुंडाळलेलं गाजरगवत. पेशकारसाहेब खुर्चीतून उठले आणि अण्णासाहेबांनी दुसरी कुठलीही जागा न शोधता त्याच खुर्चीत बसून घेतलं. साहेब उभे राहूनच कोर्ट चालवू लागले.

“तीन झाडं हवी होती,” ते जरा हळू आवाजात म्हणाले.

“तीन कशाला? हेच हाय,” अण्णासाहेब म्हणाले. “माझ्या वावरात अवंदा मेंढरं बसली. ती बसली आन बांधावर हे गवत उगवलं. मेंढराच्या लोकरीतून बी येतं, हे कुणी बी सांगंल. तवापासून मान खाजती.”

साहेबांनी कॉलरवरून जरा डोकावून पाहिलं. लाल चट्टा दिसला. सदरा उतरवा असं ते म्हणाले नाहीत. भिंगही काढलं नाही. पुढची तारीख घ्या असं म्हणू लागले तर अण्णासाहेब म्हणाले, “आम्हाला येळ नाय. निवडणूक हाय. काय ते आत्ताच सांगा.” आणि साहेबांनी उभ्याउभ्या, त्याच दिवशी, निकाल दिला: गाजरगवत मुलजिम साबित.

जीप गेली. काकू आतून म्हणाल्या, “आज चहापेक्षा निकाल लवकर झाला.”

मेंढरं बसवणं म्हणजे काय, ते शहरी वाचकांसाठी सांगायला हवं. पिकं निघाली की धनगर आपला कळप रात्री एखाद्याच्या रिकाम्या शेतात बसवतो. लेंड्यांचं खत शेताला मिळतं, बदल्यात शेतकरी धनगराला जवारी देतो. गावोगावी ही ठरलेली बसणी असतात, बापाकडून मुलाकडे येतात. त्यावर धनगराचं घर निम्मं वर्ष खातं.

थोड्याच दिवसांनी असा एक धनगर ओट्याच्या पायरीशी येऊन उभा राहिला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. नाव बिराजी. बसा म्हटलं तरी बसला नाही.

“अपील टाकाया आलोय,” तो म्हणाला.

“कसलं अपील?” साहेबांनी विचारलं.

“तुमच्या कोर्टानं निकाल देला ना? अण्णासाहेबांनी गावात सांगितलं. औरंगाबादच्या कोर्टाचा हुकूम हाय म्हणले. ही मेंढरं जहरी गवताचं बी आणत्यात, कुणी वावरात बसू देऊ नका. मला उठवलं. आता आजूबाजूच्या गावात बी कुणी बसू देईना. फुलंब्रीच्या रस्त्याला, नाल्यात, मेंढरं घेऊन बसलोय.”

साहेबांनी चष्मा काढला. “निकाल गवताविरुद्ध होता. तुझी मेंढरं मुलजिम नव्हती. तूही नव्हतास. इथं माणसावर खटला चालत नाही.”

“मंग गवताला काय झालं?” बिराजीनं विचारलं. “ते तिथंच हाय बांधावर, फुलारलंय. उठलो तर म्याच.”

इतक्या खटल्यांत शिक्षेची अंमलबजावणी झाली का, हे कुणी विचारलं नव्हतं.

“मेंढ्या गाभण हायत, साहेब,” बिराजी पुढं म्हणाला. “घाट उतरून खानदेशात न्यायच्या म्हणलं तर निम्म्या वाटंत गाभडतील. त्या व्यायच्या झाल्या की कुणाच्या तरी वावरात निवाऱ्याला बसाया लागतं. नायतर कळप मोडावा लागंल. मपल्या बापाचा कळप हाय.”

“ह्या कोर्टाच्या निकालावर अपील नसतं,” साहेब म्हणाले. आवाज कोर्टाचाच होता, पण ते माझ्या खिडकीकडं बघत होते.

“मंग वरचं कोर्ट कुठं हाय? तिथं जातो.”

“वर भाडेकरू राहतो,” काकू दारातून म्हणाल्या. मग त्या ओट्यावर आल्या, आणि कोर्ट चालू असताना त्या पहिल्यांदाच ओट्यावर आल्या होत्या. “बसा हो तुम्ही, बिराजी. चहा ठेवलाय. आणि अहो कोर्ट, तुम्हाला एक विचारू? त्या वकिलाची पँट उतरवलीत. इंजिनिअरची बाही फोटोत भिंग लावून पाहिलीत. त्या दूधवाल्या म्हातारीचा पदर कुठंवर होता तेसुद्धा विचारलंत. मग त्या पुढाऱ्याची साधी कॉलर का नाही हो उलटली?”

बिराजीनं बशीत चहा ओतला, प्यायला आणि निघून गेला. “मी फुलंब्रीच्या नाल्यात हाय,” एवढं जाताना म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब जुनी काळी शेरवानी घालून जिना चढून आले. शेरवानीला कसरीनं भोकं पाडली होती. ते माझ्या खोलीत याआधी आले नव्हते.

“अखबारवाले, पिशोरची एस.टी. कधी आहे?”

मी बरोबर गेलो. बातमी होईल असं मला वाटलं होतं. वाटेत फुलंब्रीला बिराजीला गाडीत घेतलं. कळपाजवळ त्याची बायको थांबली. कंडक्टरनं काठी आत घेऊ दिली, घोंगडी टपावर टाकायला सांगितली. बिराजीनं ती टाकली नाही, मांडीवर घेतली.

गावात अण्णासाहेब ग्रामपंचायतीच्या ओट्यावरच होते. माणसं जमलेली होती, निवडणूक जवळ आली की जमतात तशी. पेशकारसाहेबांना पाहून त्यांना आनंद झाला. “ह्ये बघा,” ते लोकांना म्हणाले, “कोर्ट सोता आलंय आपल्या गावात! साहेबाला खुर्ची द्या.”

खुर्ची आली. साहेब बसले नाहीत. “तुमच्या निकालावर अपील आलंय,” ते म्हणाले. “सुनावणी इथंच.”

अण्णासाहेबांनी बिराजीकडं पाहिलं, मग लोकांकडं. सगळे बघत होते. नाही म्हणणं अवघड होतं. “घ्या की,” ते म्हणाले. “आमचं काय खोटं हाय?”

“त्या बांधावरचं गवत कोण निंदतं?”

एका बाईला पुढं ढकलण्यात आलं. ती अण्णासाहेबांकडं मजुरीला होती. साहेबांनी भिंग काढून तिचे हात, मान, पापण्या पाहिल्या. काही नव्हतं.

“किती दिवस निंदतेस?”

“गवत आलं तवापासून, बाबा.”

“खाजतं?”

“खाजवाया येळ कुठं मिळतो?” ती म्हणाली, आणि मागच्या बायका हसल्या.

साहेब अण्णासाहेबांकडं वळले. “तुम्ही त्या बांधावर शेवटचे कधी गेला होतात?”

अण्णासाहेबांनी टोपी सारखी केली. आठवत असल्यासारखं केलं. मागून कुणीतरी म्हणालं, “बांध पडला तवा गेलते.” दुसरा म्हणाला, “तवा बी जीपमधी बसूनच बघितला.”

“गप बसा रे,” अण्णासाहेब म्हणाले.

“सदरा उतरवा,” साहेब म्हणाले.

“हितं? चारचौघांत?”

“मुद्दईच्या, म्हणजे फिर्यादीच्या, तोंडाचा जबाब झाला. आता चमडीचा.” साहेबांचे गुडघे ताठ होते. “हे मी त्या दिवशीच करायला पाहिजे होतं. केलं नाही. आता करतो.”

लोक पुढं सरकले. तेवढ्या नजरांपुढं अण्णासाहेबांना सदरा अंगावर ठेवणं जास्त कठीण गेलं असावं. त्यांनी तो उतरवला. मानेच्या मागं, नेमक्या एका जागी, रुपयाएवढा चट्टा होता. चेहरा, हात, गळ्याचा पुढचा भाग, जिथं वाऱ्यानं उडालेलं गवत लागतं, सगळं स्वच्छ. साहेबांनी भिंग चट्ट्यावर धरलं, बराच वेळ पाहिलं, मग सदरा हातात घेऊन कॉलर उलटी केली. आत काळी खूण होती, दोन ठिपके आणि एक आडवी रेघ. सदरा त्यांनी परत पाठीला लावून बघितला. खूण चट्ट्यावर बसली.

“कपडे कुठं धुवायला देता?”

“शहरात,” अण्णासाहेब म्हणाले. “लाँड्रीत. कडक इस्त्री लागते आमाला आता.”

“पायजम्यालाही खूण असेल. कमरेला, मागं.”

अण्णासाहेबांचा हात आपोआप कमरेकडं गेला आणि मध्येच थांबला.

“ही शाई बिब्ब्याची आहे,” साहेब लोकांकडं वळून म्हणाले. “कपडे अदलाबदल होऊ नयेत म्हणून परीट बिब्ब्यानं खूण करतात. धुतलं तरी जात नाही, म्हणून करतात. कुणाला काही होत नाही, कुणाच्या अंगाला लागतो. ह्यांच्या लागला. ह्यात गवत नाही. मेंढरं नाहीत. मेंढक्या नाही.”

“तरीच,” एक म्हातारा शेतकरी म्हणाला. “पुढारी झाल्यापून अण्णा मान खाजवतेत. म्या म्हणलं इचार करतेत.”

लोक हसले. ते हसू थांबेना तेव्हा अण्णासाहेब उठले. अंगात बनियन, हातात सदरा. “कसलं कोर्ट रे हे!” ते ओरडले. “रिटायर झालेला माणूस हाय! घरच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसतो! ना सही, ना शिक्का! ह्याच्या निकालाला कुत्रं विचारत नाय!”

हे सगळं खरं होतं. पेशकारसाहेब खाली मान घालून उभे राहिले. बिराजीनं त्यांच्याकडं बघितलं. त्याच्या तोंडावरून कळत होतं की आपण ज्या कोर्टात अपील टाकलं ते कोर्टच नव्हतं, हे त्याला आत्ता समजत होतं.

मघाचा म्हातारा सावकाश म्हणाला, “म्हंजी ह्यो निकाल खोटा?”

“साफ खोटा!”

“मंग अण्णा, पयला निकाल बी ह्याच कोर्टाचा व्हता ना? ज्याच्यावर ह्या बिचाऱ्याला उठवलं?”

मी अण्णासाहेबांच्या समोरच उभा होतो. कोर्ट खरं म्हणावं तर ते हरले होते. खोटं म्हणावं तर बंदी कधी झालीच नव्हती. तिसरी वाट आहे का, ते शोधत असताना त्यांचा हात मानेवर गेला आणि लोक पुन्हा हसले.

“बिराजी,” गर्दीतून कुणी हाक दिली, “मपल्या वावरात आण आज. निम्मं रान रिकामं हाय.”

“आधी मपल्याकडं,” दुसरा म्हणाला. “मपलं रान खताबिगर पडलंय.”

बिराजी घोंगडी खांद्यावर टाकून पुढं झाला. “समद्यांकडं येतो,” तो म्हणाला. “पण आधी अण्णाच्या वावरात. जिथनं उठवलं तिथं एक डाव बसू द्या. मेंढ्या तिथंच व्याल्या पायजेत. मंग म्हणाल तिथं.” तो अण्णासाहेबांकडं बघत उभा राहिला. विनंती होती, पण मान झुकलेली नव्हती.

“बस की,” अण्णासाहेब म्हणाले. “म्या कधी नाय म्हणलं?” आणि सदरा घालायला डोक्यावरून घेतला, कॉलर मानेला लागली, आणि तो त्यांनी पुन्हा काढून हातात धरला.

परतीच्या गाडीत पेशकारसाहेबांनी फुलंब्री मागं पडू दिली. मग म्हणाले, “नोकरीत कितीतरी जजांचे निकाल वर उलटलेले पाहिले. मी स्वतः ते कागद त्यांच्यापुढं ठेवले. ते वाचायचे आणि डबा उघडून जेवायला बसायचे. मला वाटायचं, जेवण जातं कसं?”

“मग?” मी विचारलं.

“काकूला सांगू नका,” ते म्हणाले, “पण मला भूक लागलीय.”

बातमी मी लिहिली नाही. संपादकांच्या मते निवडणुकीच्या तोंडावर एका उमेदवाराच्या मानेबद्दल लिहिणं योग्य नव्हतं. पुढं बिराजीच्या मेंढ्या अण्णासाहेबांच्या शेतात व्याल्या. अण्णासाहेब निवडून आले. ते अजूनही लाँड्रीचेच कपडे घालतात असं कळलं. गावकरी सांगत, भाषणात ते मधेच थांबून मानेवर हात ठेवतात आणि लोकांना वाटतं आता महत्त्वाचं काहीतरी बोलणार.

पुढच्याच आठवड्यात खोकडपुऱ्यातल्या ओट्यावर दुसरी खुर्ची आली. पहिलीपासून दोन हातांवर, जरा उंच, गादी घातलेली.

“ही कुणासाठी?” काकूंनी विचारलं.

“अपिलाची,” साहेब म्हणाले.

तेव्हापासून ज्याला निकाल मान्य नसेल त्याला अपील करता येऊ लागलं. साहेब पहिल्या खुर्चीतून उठत, दोन पावलं चालत, दुसऱ्या खुर्चीत बसत, चष्मा काढून पुसून पुन्हा घालत. पायरीवरचा माणूस गोंधळून जाई. मी वरून ऐकलेलं एक अपील असं होतं.

“खालच्या कोर्टानं सदरा उतरवून तपासलं होतं का?” साहेबांनी विचारलं.

“व्हय की. आत्ताच. तुम्हीच की, साहेब.”

“ह्या कोर्टाला ते माहीत नाही. उतरवा.”

अपिलात निकाल बहुतेक वेळा फिरत असे. खालच्या कोर्टाबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं.